आठ पाठी

१

खासबागेत सत्याप्पा अण्णांच्या दारात दर रविवारी पहाटे साडेपाचपासून सायकली जमायला लागायच्या आणि सहाला फेरी निघायची. सहा म्हणजे सहा. कुणाला हातमोजे सापडत नसले, कुणाचं घड्याळ मागं असलं, तरी अण्णा थांबत नसत. पण एकदा निघालं, की त्याच्या उलट. वाटेत कुणाची चेन उतरली, कुणाच्या पोटरीत गोळा आला, तर नऊच्या नऊ माणसं रस्त्याकडेला उभी राहायची, आणि कुणी कुरकुरलं तर अण्णा त्याच्याकडं नुसतं बघायचे.

अण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं साचे करून निवृत्त झाले होते. फेरीचे नियम त्यांचेच, आणि ते कुठं लिहून ठेवलेले नव्हते. सपाटीला ताशी वीस किलोमीटर, उतारालाही ब्रेक दाबून वीसच, आणि चढाला सगळ्यात दमलेल्या माणसाला झेपेल तेवढं. अण्णांच्या पुढं कुणी जायचं नाही. शेपटाला जो असेल त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. दर तासाला दहा मिनिटं विसावा. निघाले तेवढे सगळे एकदम परत आले, तरच फेरी पुरी; नाहीतर कुणाचीच नाही.

समता मूळची निपाणीची. बेळगावच्या एका कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची आणि दोन वर्षांपासून फेरीला यायची. आठवडाभर बोलून दमलेल्या बाईला ह्या चार-पाच तासांत बोलावं लागत नसे, हे तिला फार आवडायचं. तासाभरानं सगळ्यांचे पाय एका लयीत फिरायला लागत आणि आपण एकटी चालवतोय की नऊ जण मिळून एकच काहीतरी चालवतोय, हे कळेनासं व्हायचं.

त्या रविवारी, मार्गशीर्षातल्या थंडीत, ती पहिल्यांदाच शेपटाला होती. अकरा वर्षं शेपूट सांभाळणाऱ्या भावकूनं गुडघ्याचं निमित्त सांगून येणं बंद केलं होतं; एक नवा माणूस आल्यानं आकडा नऊच राहिला होता. आठवड्यापूर्वी तो तिच्या घरी येऊन शिट्टी देऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मागं बघायचं न्हाय. पुढच्या आठ पाठी मोजायच्या. आठ असल्या की झालं."

मागं वळून बघितलं की हँडल डगमगतं, म्हणून सांगत असेल, असं समताला वाटलं.

२

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून ते जांबोटीच्या वाटेला लागले. उजाडत होतं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांवर धुकं गुडघाभर साचलं होतं. आठही जणांच्या जर्सी पिवळ्या, फेरीनंच शिवून घेतलेल्या. अण्णा सगळ्यांत पुढं, आणि समताच्या अगदी पुढं आदर्श. हा उद्यमबागेतल्याच एका कारखान्यात इंजिनिअर होता, सत्तावीस वर्षांचा. पायांत ताकद मायंदाळ, त्यामुळं वीसच्या वेगाला वैतागलेला.

किणये मागं पडलं आणि पहिला उतार आला. पाय थांबले. पायडल मारायचं थांबलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील कटकट वाजायला लागतं; एकदम आठ-नऊ फ्रीव्हीलं वाजली की रानात रातकिडे सुरू व्हावेत तसं होतं. समताला तो आवाज आवडायचा. आज तिच्या लक्षात आलं, की तो पाठीमागूनही येतोय.

उजव्या हाताला दरडीची उंच भिंत होती. भिंतीवर आपटून आवाज परत येणारच, हे ती दरवर्षी मुलांना शिकवत होती. उतार संपला, पाय फिरायला लागले, आणि पुढची फ्रीव्हीलं गप्प झाली.

मागचं गप्प झालं नाही.

एकच होतं ते. दहा-बारा हातांवर, संथ, सारखं. तिनं पाय थांबवून पाहिले. आपल्याच चाकाचा आवाज वेगळा, जरा चढा. पुन्हा पाय फिरवले. मागं कटकट तशीच चालू.

कुणी गावातला माणूस मागून येत असेल. येऊ दे. पण मग कुसमळीचा पूल गेला आणि चढ लागला. पुढच्या आठ पाठी हँडलवर वाकल्या, श्वास ऐकू यायला लागले. चढाला पायडल मारलंच पाहिजे, आणि पायडल मारत असलं की फ्रीव्हील वाजत नाही. ह्यात मतभेदाला जागा नाही. मागची सायकल चढावरून कटकट करत, पाय न हलवता, त्यांच्याच वेगानं वर येत होती.

समतानं पाठी मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. मान वळवायची नाही, असं तिनं ठरवलं नव्हतं. पण तिच्यानं ती वळवली गेली नाही.

३

जांबोटीच्या हॉटेलापुढं विसाव्याला थांबल्यावर तिनं पहिल्यांदा मागं पाहिलं. रस्ता, धुकं, एक म्हैस. बाकी काही नाही.

अण्णा चहाचा ग्लास घेऊन तिच्याजवळ येऊन उभे राहिले. आवाज येतोय का, असं त्यांनी विचारलं. कसला, ते सांगितलं नाही. समतानं आधी भिंतीचा प्रतिध्वनी सांगितला, मग चेनच्या वंगणाचं काही सांगितलं.

"भावकूला अकरा वर्षांतली सात वर्षं यायचा," अण्णा म्हणाले. "किणयेपास्नं कणकुंबीपतोर, आणि परत येताना तिथपतोरच. म्हणून वीस. वीसच्या वर गेलं की त्याला जमायचं न्हाय."

"कुणाला, अण्णा?"

"मष्णूला."

मष्णूची गोष्ट फेरीतल्या सगळ्यांना वरवर ठाऊक होती. निपाणीकडच्या एका खेड्यातला पोरगा, अण्णांच्याच फाउंड्रीत कामाला, खासबागेत खोली करून राहायचा. सात वर्षांपूर्वी ह्याच वाटेवर त्यानं मधूनच फेरी सोडली, आपल्या मर्जीनं कुठंसा निघून गेला आणि परत आला नाही. पोलिसांनी आठ दिवस रान धुंडाळलं. सायकलही मिळाली नव्हती. त्या वेळच्या लोकांपैकी आता अण्णाच तेवढे उरले होते.

समतानं आणखी विचारलं असतं, पण दहा मिनिटं झाली होती आणि अण्णांनी ग्लास खाली ठेवला. तुला जमत नसेल तर शेपटाला दुसऱ्या कुणाला ठेवतो, असं ते म्हणाले. तिनं नको म्हटलं. दुसऱ्या कुणाला तो आवाज ऐकायला लावावा, हे तिला बरं वाटेना.

४

कणकुंबीला वर धुकं इतकं होतं की देवळाचा कळस दिसत नव्हता. माणसं बाटल्या भरून आली, कुणी केळी खाल्ली, कुणी पोटऱ्या चोळल्या. आदर्शचं अण्णांशी थोडं वाजलं. परतीला निदान चोवीसनं जाऊ या, दुपारी लग्नाला जायचंय, असं त्याचं म्हणणं. अण्णा आपल्या टायरची हवा दाबून बघत राहिले. आदर्श पाय आपटत हातपंपाकडं गेला.

अण्णांनी हात वर केला, तसे सगळे सायकलींवर बसले. समतानं पाठी मोजल्या. धुक्यात पिवळे ठिपके एकामागून एक पुढं सरकत होते. आठ. तिनं शिट्टी दिली, एक छोटी. म्हणजे सगळे आहेत, चला.

पहिले दोन किलोमीटर गेल्यावर तिला हायसं वाटलं. मागं काही वाजत नव्हतं. ती मनाशी हसली सुद्धा. रात्री झोप झालेली नसली की कान असे खेळ करतात. उद्या कॉलेजात कुणाला तरी ही गंमत सांगायची, असं तिनं ठरवलं.

मग चढ आला.

पुढचा आवाज तिच्या कानांत हळूहळू शिरला, कारण तो तिथं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. कटकट आता मागून येत नव्हती. तिच्या नाकासमोरून येत होती.

तिनं नजर खाली घेतली. आदर्शच्या जागी असलेल्या सायकलीच्या मागच्या चाकावर मडगार्ड होतं. आदर्शच्या सायकलीला मडगार्ड नव्हतं. त्याच्या वर दोन पाय, एक खाली सरळ, एक वर दुमडलेला. आणि ते हलत नव्हते. चढ होता, आणि ते हलत नव्हते. जर्सी पिवळी होती, पण पावसात-उन्हात धुऊन धुऊन तिचा ताकासारखा रंग झाला होता, आणि पाठीवरची अक्षरं, जी आता कुणाच्याच जर्सीवर नव्हती अशा जुन्या वळणाची, खांद्यापाशी उसवली होती. मानेवर, हेल्मेटच्या खाली, ओलं गवत चिकटलं होतं.

आठ पाठी. नियमाप्रमाणं सगळं बरोबर होतं. आपण शिट्टी दिली होती. आपणच त्याला मोजून घेतलं होतं.

आणि मग तिला कळलं, की आदर्श मागं आहे.

५

एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. समतानं दम संपेपर्यंत शिट्टी फुंकली. पुढची रांग फुटली, ब्रेक करकरले. अण्णांनी मात्र ब्रेक दाबला नाही. सगळ्यांत पुढची ती रुंद पाठ तशीच, त्याच वेगानं धुक्यात जात राहिली, आणि समताच्या पुढची सायकल थांबलेल्या लोकांच्या बाजूनं सरकत अण्णांच्या मागं गेली. त्याचा चेहरा दिसेल अशा जागी समता एक क्षण होती. तिनं डोळे मिटून घेतले. ह्याची तिला पुढं कधी लाज वाटली नाही.

डोळे उघडले तेव्हा तिनं सायकल वळवली होती आणि ती कणकुंबीकडं उलटी निघाली होती.

तीनशे-चारशे हातांवरच आदर्श भेटला. तो रस्त्याच्या मधोमध, उभा राहून, जिवाच्या आकांतानं पायडल मारत होता. तोंड लाल, ओठ पांढरे. समता त्याच्यापाशी पोचली तसा तो सायकलीवरून जवळजवळ कोसळलाच.

"मी मागंच होतो मॅडम," तो म्हणाला. त्याला दम पुरत नव्हता. "बाटली भरून वळलो तर तुम्ही निघालेला. लगेच आलो. मागंच होतो. हाका मारत होतो. तीसनं मारत होतो, पस्तीसनं मारली. तुमची पाठ दिसायची. तेवढीच लांब. जवळच येईना."

समतानं त्याला पाणी पाजलं. तू पुढं चल, मी मागं आहे, असं तिनं सांगितलं. ते सावकाश निघाले, आणि तिनं त्याच्या पाठीवरची नजर एकदाही काढली नाही.

वळणावर बाकीचे सहा जण अडकलेल्या गुरांसारखे एकमेकांना चिकटून उभे होते. शिट्टी ऐकून ते थांबले होते. अण्णा थांबले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर एक जण गेला. तो आदर्शच असणार, अण्णांना थांबवायला गेला असणार, असं त्यांनी धरलं होतं. आता त्यांनी आदर्शला मागून येताना बघितलं. एकानं सायकल दोघांच्या मधून बाजूला ओढली, वाट करून द्यावी तशी.

६

अण्णांचा फोन लागत नव्हता. जांबोटीच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, दोघं आत्ताच गेले, दहा मिनिटं झाली असतील. त्यांनी वेग वाढवला. किणयेला टपरीवर एक म्हातारा म्हणाला, दहा मिनिटं. पिरनवाडीच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम न थांबवता तेच सांगितलं.

खासबागेत अण्णांच्या दारात यशोदाबाई उभ्या होत्या, अण्णांची बायको. पदर तोंडाला लावलेला. अण्णा आले होते, दारातूनच पाणी मागून घेतलं आणि लगेच निघाले. बरोबर एक जण होता, फाटकाबाहेर, पाठमोरा. त्यांनी त्यालाही तांब्या नेला, पण अण्णांनी तो हातातून काढून घेतला.

"कुठं जातो म्हणाले, काकू?"

"पोराला घरी पोचवून येतो, म्हणले." यशोदाबाईंनी समताकडं बघितलं. "सात वरसं झोपेत तेच म्हणत्यात गं ते. जागेपणी आज म्हणले."

समतानं बाकीच्यांना घरी पाठवलं आणि सायकल अण्णांच्या अंगणात लावून आपली गाडी आणायला गेली. निपाणीकडची, मष्णूच्या घराची वाट ठाऊक असलेल्या यशोदाबाई पुढं बसल्या; आदर्श ऐकेना, लग्न विसरून तोही मागच्या सीटवर बसला. काकतीच्या पुढं हायवेला लागल्यावर तिनं गाडी ऐंशीवर नेली आणि दोन डोळे पुरेनात म्हणून यशोदाबाईंना डावीकडचा सर्व्हिस रोड बघत राहायला सांगितलं. संकेश्वरजवळ उसाच्या रसवाल्यानं त्यांना सांगितलं, की दोन सायकलवाले पुढंमागं गेले. म्हातारा घामानं भिजलेला, आणि मागचा नुसता बसलेला. कधी? दहा मिनिटं झाली असतील.

तास, किलोमीटर, वेग, ह्या तीन गोष्टी समता बारा वर्षं फळ्यावर लिहून दाखवत होती. तिनं हिशेब करायचं सोडून दिलं.

७

मष्णूची आई तानीबाई एकटीच राहायची. निपाणीच्या अलीकडं, तंबाखूच्या शेतांच्या कडेला, एक खोली आणि पुढं पडवी. ऊन पिवळं पडलं होतं. पडवीच्या खांबाला अण्णांची सायकल टेकलेली होती. एकच. अण्णा पायरीवर बसले होते, आणि त्यांचे पाय मांडीपासून थडथड उडत होते. खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं.

यशोदाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. अण्णांनी त्यांचा हात धरला, पण बोलले ते समताशी.

"तो मर्जीनं गेला न्हवता. त्याच्या गुडघ्यात कळ येत होती. मला म्हणला, अण्णा, जरा हळू. त्या दिवशी येळ गाठायची होती. मी पंचवीसनं घेतली. भावकूनं त्याला मागं सोडला, मी सोड म्हणलो म्हणून. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, बाकी सगळे एकदम आलो, मष्णू मधनंच आपल्या मर्जीनं गेलता." ते थांबले. "तानीआक्काला पण तेच सांगितलं. आज खरं सांगून टाकलं."

"काय म्हणाल्या?"

"आत गेल्या. त्याच्याजवळ."

आतून बाईमाणसाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. ती काहीतरी विचारायची, मग उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायची, मग पुन्हा बोलायची. मधल्या वेळात काहीही ऐकू येत नव्हतं. आदर्श फाटकापाशीच उभा राहिला होता. त्यानं तिथून पुढं पाऊल टाकलं नाही.

दार उघडलं आणि तानीबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, वाळलेल्या, ताठ. त्यांनी दार पाठीमागं लोटलं. केस नीट विंचरलेले होते, पायांत चपला होत्या आणि हातात कापडी पिशवी.

"त्यो म्हणतोय, तिकडं परत एकट्यानं जायचं न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "लई भ्या वाटतंय म्हणतोय. मी येते म्हणलं त्याला."

कुणी काही बोलायच्या आत अण्णा खांबाला धरून उठले. त्यांचे पाय उडायचे थांबले होते.

"तुमी बसा आक्का," ते म्हणाले. "त्याच्याबरोबर मी जायचं हाय. तवाच जायचं होतं."

यशोदाबाईंनी त्यांचा हात सोडला नव्हता. अण्णांनी तो दुसऱ्या हातानं, एकेक बोट करून, सोडवला. मग वाकून बायकोच्या डोक्यावर क्षणभर तळहात ठेवला, आत गेले आणि दार लावून घेतलं.

समताला पुढं पुष्कळांनी विचारलं, की तू उठून दार का धरलं नाहीस. तिघी बायका पायरीवर बसून राहिल्या. शेतातून तंबाखूचा उग्र वास येत होता. हायवेवरच्या ट्रकांची घरघर लांबून ऐकू येत होती. खोलीत बोलणं नव्हतं, पावलं नव्हती, काहीच नव्हतं. ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं, आणि अंगणातूनही गेलं.

शेवटी तानीबाई उठल्या आणि त्यांनी दार ढकललं. कडी नव्हती, ते नुसतं लोटलेलं होतं.

खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी हातभर, तिला लोखंडी गज. चूल, माठ, दोरीवर दोन लुगडी, एक पलंग. समतानं पलंगाखाली वाकून बघितलं, कोपरे बघितले, आढ्याकडं बघितलं. पलंगावर धुतलेली पांढरी चादर होती, आणि तिच्यावर शेजारी शेजारी, दोन माणसं बसून उठावीत तशा दोन जागा दबलेल्या होत्या. एक जागा ओली होती.

तानीबाईंनी सवयीनं चादर झटकायला हात पुढं केला. यशोदाबाईंनी तो धरला.

"राहू दे आक्का," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस तशीच राहू दे."